उजवी मशीनची, डावी हाताची

…आता तुमीच सांगा, घुग्घुसमधी मे महिन्यात कोनता मानूस घरात शर्ट घालून बसते? कोनीच नाई. कुत्रे नळाखालच्या चिखलात बसते, म्हशी डबक्यात बसते, मानसं लुंगीवर पडवीत पडून राह्यते, आन मी? आतून बनियान, त्याच्यावर शर्ट, शर्टावर गळ्यातून दुपट्टा असा समोर सोडलेला की दोन्ही बाजू बरोबर झाकल्या पायजे. घाम इतका की उठलो तं खुर्चीवर माहा नकाशा राहे. शेजारचे म्हनत, गुलाबभाऊ मोठा शिस्तीचा मानूस हाये. शिस्त कुठची बापा… माह्या छातीवर जे होतं ते मानसाच्या छातीवर नसते, एवढंच. हसा तुमी, माहं काई म्हननं नाई.

तुमाले सांगतो, बाकी पोट्ट्यायले ज्या वयात मिशा फुटते, त्या वयात मले छाती फुटली. बाकी अंगानं मी काडी. पोट आत, गाल आत, आन छाती तेवढी बाहेर. माय म्हने, दूध-तूप खाऊ नको. आता आमच्या घरी दूध चहात दिसे, तेबी पाहुना आला तं. तूप तं मी दुसऱ्याच्याच लग्नात पायलं. कोनी म्हने वय वाढलं की जाते. लोकायचं गेलं, माहं नाई गेलं. आन नाव काय, तं गुलाब. शाळेत मास्तरनं हजेरीत नाव घेतलं की मागून जे काई ऐकू येई ते इथी सांगत नाई, बायामानसं बसल्या हायेत.

मंग काय करते मानूस? लपवते. सारे पोट्टे वर्धा नदीत उड्या मारत, मी काठावर त्यायच्या कपड्यायची राखन करत बसो. खदानीच्या वर्कशॉपमधी फिटर म्हनून लागलो, तिथी पाळी सुटली की सारे नळावर उघडे होऊन आंघोळ करते, मी तसाच काळाकुट्ट मोटारसायकलवर बसून घरी. लग्न झाल्यावर रुखमानं बरेच दिवस पायलं, मंग एक दिवस विचारलंच, काहो जी, तुमच्या खदानीत पानी नाई का? तिले बिचारीले कोळशानं भरलेलं न्हानीघर रोज धुवा लागे. ते भद्रावतीची, तिचे वडील तिथल्या फॅक्टरीत, कॉलनीत राहनारे, तिथी सारं पांढरं स्वच्छ. मी म्हनलो, पानी हाये, पन मले घरच्या पान्याची सवय हाये. अशी सवय कोनाले असते का? पन ते उठून न्हानीघर धुवाले गेली.

तिनं पायलं तं असंनच ना. नवरा-बायको म्हनल्यावर किती दिवस लपन? एक दिवस धुतलेला बनियान हातात देता देता म्हने, मले त्याचं काई वाटत नाई. बस, एवढंच. आन मी काय केलं? दोन दिवस तिच्याशी बोललो नाई. आता मले सांगा, तिनं चांगलं म्हनलं का वाईट? चांगलंच म्हनलं. पन जे झाकून ठेवलं त्याचं नावच कोनी घेऊ नये असं वाटे मले, चांगलं बी नको आन वाईट बी नको.

एक मानूस होता तसा, नाव न घेनारा. जहीर. आमच्या बसस्टॉपजवळचा टेलर, माह्याच वयाचा, बापाच्या मशीनवर बसायला लागला तेव्हापासून माहे शर्ट तोच शिवते. माप घेताना टेप छातीवरून फिरवे आन आकडा मोठ्यानं न बोलता मनातच ठेवे. बाकी गिऱ्हाइकायचा आकडा असा ओरडे की रस्त्यावरच्या ट्रकवाल्याले समजे. माह्या शर्टाले त्यानं आपल्याच मनानं दोन खिसे लावले, दोन्हीच्या आतून जाड कापड, म्हंजे शर्ट अंगाले चिकटूच नये. मी कधी सांगितलं नाई, त्यानं कधी विचारलं नाई. गावात दोन खिशाचा शर्ट घालनारा मी एकटा. लोकं समजे, हिशोबाचा मानूस हाये, कागदपत्रं लय असतीन.

असं सारं बरं चाललं होतं जी. मंग आमाले पोरगी झाली.

मागच्याच सालची, दोन हजार तीनची गोष्ट. संघप्रिया नाव ठेवलं. नाव ठेवायच्या दिवशी सारं घर भरलं, भद्रावतीवरून सासरचे आले, विहारातले आले, जहीर बी आला. माही सासू आशाबाई, मायाळू बाई, मनात काळं-पांढरं काई नाई, तिनं पोट्टी उचलली आन साऱ्यायच्या मधात माह्या मांडीवर ठेवली, म्हने, घ्या, बापानं बी घ्या जरा. मी घेतली. उगीच कशाले खोटं सांगू, असं वाटलं की हातात काईच नाई आन सारं हाये. आन पोट्टीले लागली होती भूक. तिनं मान वळवली, तोंड उघडलं, इकडं शोधलं, तिकडं शोधलं, आन माह्या डाव्या खिशाले जे लागली ते सोडेचना. चुकचुक चुकचुक. खिसा ओला.

सासू म्हने, 'बाई बाई, बापालेच माय समजून राह्यली पोट्टी.'

सारं घर हसलं. बाया हसल्या, मानसं त्याच्याहून जास्त हसले. आन तुमाले सांगतो, कोनाच्याच मनात काई नव्हतं, लेकरू असं कोनाच्याबी अंगाले तोंड लावते, आजोबाले लावते, उशीले लावते. मी बी हसलो. एक जहीर तेवढा हसला नाई, तो उठून पान्याचे गिलास भरायले गेला. हसा तुमी बी, माहं काई म्हननं नाई. पन त्या दिवसापासून मी पोट्टी घेतली नाई.

घेतली नाई म्हंजे कशी? माहे हात ग्रीसचे हायेत. मले खोकला हाये. आताच पाळीवरून आलो. आता पाळीवर जायाचं हाये. ते रडली तं मी खुळखुळा वाजवो, दुरून. पाळना हालवो, दोरीनं. दोरी मी मुद्दाम लांब बांधली होती. रुखमा पाहे. पाहून पाहून एक दिवस दुपारी तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता बोलली.

'तुमाले लोकं हसले त्याचं लागलं, ते मले समजते. पन तिनं काय केलं? ते तुमच्याकडं पाह्यते आन हात करते. तिले काय सांगू मी, तुहा बाप काऊन घेत नाई म्हनून?'

खुळखुळा होता हातात, तो खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनंच मले खदानीच्या दवाखान्यात नेलं, डाक्टरीनबाईपुढं बसवलं, आन मी जलमात पह्यल्यांदा दिवसाउजेडी परक्या मानसापुढं शर्ट काढला. कान असे गरम झाले की भजे तळले असते. बाई काई हसली नाई, घाबरली बी नाई. म्हने, हे खूप जनायले असते, रक्त तपासू, आन रक्तात काई निघालं नाई तं नागपूरले ऑपरेशन होते. खूप जनायले असते… मंग ते सारे खूप जन कुठी होते इतके वर्षं? नदीच्या काठावर तं मी एकटाच बसो.

रक्तात काई निघालं नाई. पैशाचं कसं केलं ते विचारू नका, ते रडगानं वेगळं. नागपूरले गेलो. बाईनं दोन डाक्टर सांगितले होते, म्हने दोघायलेबी दाखवा.

पह्यला डाक्टर म्हातारा. बुटका, मनगट असं की आमच्या वर्कशॉपमधी घन मारनाऱ्याचं असते. म्हने, हे बघा गुलाबराव, माझी पद्धत जुनी. छातीत मिठाचं पाणी आणि बधिर करणारं औषध भरायचं, बगलेजवळ बारीक छिद्र पाडायचं, त्यातून नळी घालायची आणि चरबी ओढून घ्यायची. निप्पलखाली जी गाठ असते ती नळीतून येत नाही, ती थोडं कापून काढायची. मी म्हनलो, ओढते कोन? म्हने, ओढतं मशीन, पण नळी मागं-पुढं करायला हात माझा. पुरुषाच्या छातीतली चरबी घट्ट, नारळाच्या शेंड्यांसारखी, तिथं जोर लागतो. रक्त थोडं जातं, काळंनिळं होतं, पण हाताला कळतं कुठं थांबायचं ते. हे 'हाताला कळतं' म्हनताना त्यानं हात असा केला की मी खुर्ची जराशी मागं सरकवली.

दुसरा तरुन. चकाचक दवाखाना, खोलीत अशी थंडी की मले दुपट्ट्याचा पह्यल्यांदा खरा उपयोग झाला. त्याच्याकडं नवीन मशीन. म्हने, आपण अल्ट्रासाउंड वापरतो. पाणी आधी तसंच भरायचं, पण मग ही दांडी आत घालायची, हिचं टोक इतकं बारीक थरथरतं की चरबी दुधासारखी पातळ होते, मग ती नळीनं अलगद येते. घट्ट छातीला हे चांगलं, रक्त कमी जातं. रुखमा म्हने, अल्ट्रासाउंड म्हंजे सोनोग्राफीच ना? माही झाली होती, पोट्टीच्या वक्ताले. माहं तं काई वितळलं नाई. डाक्टर हसला, म्हने, ती नुसती बघायची ताई, ही जोरात असते. मंग स्वतःच बोलला, खरं सांगायचं तर हिचेही तोटे आहेत, छिद्र थोडं मोठं लागतं, वेळ जास्त लागतो, दांडी एका जागी थांबली तर कातडी आतून भाजू शकते, आणि नंतर कधीकधी आत पाणी साचतं.

म्हंजे पाहा, एकाकडं रक्त, दुसऱ्याकडं भाजनं. मी म्हनलो रुखमाले, चाल घरी, दोरीनं हालवतो मी पाळना. ते उठलीच नाई. तिनं डाक्टरले एकच गोष्ट विचारली, तेच म्हाताऱ्यालेबी विचारली होती. म्हने, हे पोट्टीले कधी उचलतीन? आन तुमाले सांगतो, दोन्ही डाक्टरायनं एकच सांगितलं. काही आठवडे नाही उचलायचं, घट्ट जाकीट घालायचं, मग उचला किती उचलायची ती. इतकं सारं समजावलं, नळी काय, दांडी काय, आन तिच्या प्रश्नाचं उत्तर दोन्हीकडं सारखंच. मंग आमी जायचं कुठी?

म्हाताऱ्यानंच सोडवलं. पुन्हा गेलो तं त्यानं छाती दाबून पायली, म्हने, तुमची फारच घट्ट आहे, माझ्या हातानं होईल, पण रक्त जास्त जाईल. त्या पोराकडं करा. माझ्याच हाताखाली शिकलाय, आता मलाच शिकवतो. असं म्हनून हसला, पन डोळे खाली होते. मले लय वाईट वाटलं जी. आपल्या हातचं काम दुसऱ्याच्या मशीनले देताना मानसाले कसं वाटते, ते मी वर्कशॉपमधी पायलेलं हाये.

तं ऑपरेशन. मार्च सरत होता. मले पूर्न झोपवलं नव्हतं, गुंगीचं इंजेक्शन देल्लं होतं. अर्धा इथी, अर्धा घुग्घुसले. उजवीकडून सुरू केलं. त्या मशीनचा बारीक गुन गुन आवाज, दुखत काई नाई, डाक्टर रेडिओ ऐकल्यासारखा आरामात. उजवी झाली. मंग डावी. डावीले पानी भरलं, दांडी हातात घेतली, आन मशीन बंद. लाल दिवा. पुन्हा सुरू केली, पुन्हा लाल. प्लग काढला, लावला. एका नर्सनं मशीनले हळूच थापड मारली, तेबी ऐकलं मी.

डाक्टर माह्या कानाशी आला, म्हने, गुलाबराव, मशीन बिघडलं. आज थांबून डावी नंतर करू, नाहीतर आत्ता हातानं करू. मी गुंगीतच म्हनलो, सायेब, एक छाती घेऊन घुग्घुसले जाऊ का मी? हसा तुमी, माहं काई म्हननं नाई, तिथी बी सारे हसले. मंग तो बाहेर जाऊन रुखमाले विचारून आला. तिनं म्हनलं म्हने, हातानं करा, पन मनगटवाल्या डाक्टरले बोलवा.

आन म्हातारा आला. स्कूटरवर. जेवनावरून उठून आला होता. मले दिसला नाई, पन त्याचा श्वास ऐकला, धाप लागल्यासारखा, आन मंग नळीचा सुर्र सुर्र आवाज. बधिर होतं तरी समजे की कोनी तरी आत घासून राह्यलं. हात चालू आन तोंड बी चालू. घुग्घुसला काय करता? म्हनलो, फिटर हाये. म्हने, मग तुम्हाला कळेल, आवाजावरून कळतं ना, नट बसला की नाही? म्हनलो, हाव. म्हने, तसंच हे. तरुन डाक्टर बाजूले उभा राहून घाम पुसे त्याचा. थोड्या वेळानं म्हातारा थांबला, म्हने, हात दुखायला लागला रे, तू धर. मंग शेवटचं तरुनानं केलं, हातानं, आन म्हातारा सांगे, हळू, आता वळव, आता पुरे. मशीन तिथीच उभी होती, लाल दिवा लावून.

झालं. उजवी मशीनची, डावी हाताची. एकाच मानसाच्या आंगावर दोन्ही पद्धती. डाक्टर लोकायले तं जशी लॉटरीच लागली.

दर तपासनीले दोघंही हजर. मी मधात टेबलावर बसलेला, एक इकडून दाबते, एक तिकडून. तरुन म्हने, सर, उजवी बघा, काळंनिळं जवळजवळ नाहीच. म्हातारा काई बोलेना, कारन डावी कशी झाली होती? पह्यले जांभळी, मंग हिरवी, मंग पिवळी, पिकलेल्या आंब्यासारखी, आन दुखे इतकी की शिंक आली तं मी पह्यले उशी छातीशी धरो. पन पुढच्या वेळी उजवीकडं आत पानी साचलं, सुईनं काढा लागलं, आन म्हातारा हळूच म्हने, आमच्याकडं कोरडं आहे बुवा. असे ते दोघं भांडे, पन प्रेमानं. खिडकीतून मले एकमेकाले चहा देताना दिसत.

आन घरी काय? घरी जाकीट. घट्ट, पट्ट्यायचं, मे महिना, सत्तेचाळीस डिग्री. इतके वर्षं लपवासाठी एक बनियान जास्त घातला, आता डाक्टरच्या हुकुमानं बनियानाच्याबी वर जाकीट. रुखमा पंख्याच्या समोर ओला दुपट्टा टांगे, रात-दिवस कुरकुर ऐके माही. पोट्टीले माह्या बाजूले सतरंजीवर ठेवे. उचलाची नव्हती, पन बोट द्याले काय जाते? ते बोट धरून झोपे.

मंग जाकीट सुटलं. पाऊस येऊन गेला होता, अंगनात मी पह्यल्यांदा उघडा उभा राह्यलो, लुंगीवर, सारं वारं अंगाले. वाटलं, आता सारं गाव थांबून पाहीन. शेजारचा श्रावण सायकलवरून गेला, थांबला, नीट पायलं, म्हने, 'गुलाबभाऊ, बारीक झाले जी… मलेरिया झाल्ता का?' आन गेला. बस. ज्याच्यासाठी मी नदीत उतरलो नाई, नळावर आंघोळ केली नाई, ते कोनाले दिसतच नव्हतं का? का दिसत होतं, आन मानसं भली होती? आता हे कोनाले विचारू मी?

जहीरकडं गेलो. त्यानं टेप छातीवरून फिरवला, थांबला, पुन्हा फिरवला. डोळे पुसल्यासारखे केले, म्हने, धागा गेला डोळ्यात. मंग आकडा असा मोठ्यानं ओरडला की समोरच्या पानठेल्यावरचे मानसं वळून पाहू लागले. त्या शर्टाले एकच खिसा लावला, आतून काई नाई, पातळ.

शेवटच्या तपासनीले दोघं डाक्टर, रुखमा, मी आन माह्या मांडीवर पोट्टी. आता दोन्ही बाजू अशा सारख्या की शिवलेली बारीक रेघ पायल्याशिवाय त्यायचं त्यायलेच समजेना. तरुन म्हने, गुलाबराव, खरं सांगा, संकोच करू नका, तुम्हाला स्वतःला कोणती बाजू जास्त चांगली वाटते?

मी रुखमाकडं पायलं, ते छताकडं पाहून राह्यली होती. म्हनलो, सायेब, माहं काई सांगता येत नाई, पन पोट्टी डावीकडंच झोपते. म्हातारा असा खुलला, स्वतःच्या मनगटाकडं पाहू लागला. तरुन बिचारा हिरमुसला. उजवीकडं का नाही? कडक लागते का? पुन्हा दाबून पायलं त्यानं. मी म्हनलो, नाई सायेब, तशी सवय पडली. रुखमाची मान खाली गेली, कान लाल.

आता दवाखान्यात कसं सांगू जी मी? तुमाले म्हनून सांगतो. उजवीकडं तिची माय झोपते.

सकाळची पाळी करून येतो, जेवतो, चटईवर उघडा पडतो. पोट्टी रांगत येते आन डावीकडं चढते. थोड्या वेळानं भांडे घासून रुखमा येते, म्हने, जरा पाठ टेकते, आन डोकं टेकते उजवीकडं. दोन मिनिटात दोघीबी ढाराढूर. कूलर पायाशी, त्यातलं पानी संपते, पंप खडखड करते, उठता येत नाई. नाकावर माशी बसते, दोन्ही हात दबलेले, फुंकर मारून उडवा लागते. जरा हाललो की दोघी एकदमच हूं करते. नागपूरले जाऊन, दोन-दोन डाक्टर लावून छाती हलकी करून आनली… आन आता छातीवरचं वजन पह्यल्यापेक्षा जास्त.